न पडणारी अंबिका

“...मग लोकांना बाई नकोच आहे, असं समजायचं का, माई?”

यशोधननं हे विचारलं तेव्हा तो अजून उंबऱ्यातच उभा होता. बूट काढायचे राहिले होते आणि लॅपटॉपची बॅगही पाठीवर तशीच होती.

गोदामाईंनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढं पावट्याच्या शेंगांचा ढीग होता. त्यातल्या चार मुठी त्यांनी त्याच्या बाजूला सरकवल्या.

“बूट काढ. बस. सोल.”

मेढ्याच्या वरच्या डोंगरात हा मठ आहे. मठ आपला म्हणायला. दोन खोल्या, एक ओसरी आणि माई. तरुणपणी त्यांनी संसार सोडला, गुरू केला, आणि गुरू गेल्यावर इथेच राहिल्या. प्रवचन वगैरे त्या करत नसत. लोक यायचे, आपलं रडगाणं गायचे, पुढ्यात असेल ते सोलून नाहीतर निवडून द्यायचे आणि डोंगर उतरायचे. यशोधन शेलार शाळेत होता तेव्हापासून येत होता. आता त्याची पुण्यात व्हिडिओ गेम बनवायची कंपनी होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता. राग तसा आधीपासूनच होता, कंपनी नंतर आली.

तो बसला आणि सोलू लागला. दाण्यांपेक्षा सालंच जास्त उडत होती.

“कुनाला बाई नको?” माईंनी विचारलं.

“खेळणाऱ्यांना.”

मग त्यानं सगळं सांगितलं. चार वर्षं या एका गेमसाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं. गोष्ट साधीच होती. घाटाखालून औषध घेऊन निघायचं आणि माथ्यावरच्या गावात पोचायचं. वाटेत जंगल, ओढे, कडे, जनावरं. सुरुवातीलाच खेळणाऱ्यानं ठरवायचं, आपण कोण व्हायचं ते. अंबिका व्हायचं की हैबती. यातली अंबिका यशोधनची. हैबती आला तो पैसे घालणाऱ्यांच्या हट्टापायी, आणि यशोधननं त्याला कसाबसा उरकला होता.

“तिला कुनी घेत न्हाई व्हय?”

“घेतात. तेच तर कळत नाही. बरेच जण आधी तिलाच घेतात. मुली घेतात, ‘ही माझ्यासारखी’ म्हणतात. मुलगे घेतात, ‘मी जो नाही तो व्हायलाच तर खेळतो’ म्हणतात. एक जण म्हणाला, इतका वेळ कुणाच्या तरी पाठीमागनंच चालायचंय, तर निदान पाठ तरी बघण्यासारखी असू दे.”

माईंना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

“आन मग?”

“मग पहिला घाट चढायच्या आत तिला सोडून देतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, हैबतीला घेऊन. का, म्हणून विचारलं तर धड सांगता येत नाही कुणाला. त्याच्याबरोबर मजा येते, एवढंच.”

“पोरीबी?”

“मुलीसुद्धा.”

हे सांगताना त्याचा आवाज खाली आला. मुलग्यांचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. मुलींनी अंबिकेला टाकलं, ते मात्र त्याला फार लागलं होतं.

“सोमवारी बैठक आहे,” तो म्हणाला. “तिला काढून टाका, म्हणतायत. एकटा हैबती ठेवा. मी काढणार नाही, माई. गेम बंद पडला तरी बेहत्तर. लोकांचीच लायकी नसेल तर तिनं काय करायचं?”

“पोरींचीबी लायकी न्हाई?”

यशोधननं हातातली शेंग दाण्यांसकट चुरगळली.

“बरं, ऱ्हाऊ दे.”

“तुम्ही फक्त ‘काढू नकोस’ म्हणा. बाकी मी बघतो. कुणाच्या बापाला भीत नाही मी.”

माईंनी एक शेंग सोलली. मग दुसरी सोलली.

“दाव मला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ती बाई.”

यशोधननं लॅपटॉप काढून पाटावर ठेवला. माईंनी पदराला हात पुसले. त्यानं कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि चालायचं कसं, उडी कशी मारायची ते दाखवलं. पडद्यावर दोघं उभी होती. अंबिका ताठ, नऊवारीचा काचा मारलेली, नजर समोर. शेजारी हैबती, जरा पोक काढलेला.

“कोण होणार, माई?”

“मी बाई हाय, तर बाईच व्हनार की.”

यशोधनला बरं वाटलं. तो सरसावून बसला.

अंबिका चालू लागली. चालणं तर असं देखणं, की माई कौतुकानं बघतच राहिल्या. वाटेत साप आला, तो बाजूला झाला. बिबट्या आला, त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि रानात निघून गेला. ओढा आला, तिनं तो एका उडीत ओलांडला. पायाला पाणी लागलं नाही.

पुढं कड्याची कडा आली. खाली ओहोळ होता आणि ओहोळाच्या काठाला करवंदाची जाळी.

“करवंदं हायत,” माई म्हणाल्या. “उतरू.”

त्यांनी अंगठा दाबला. अंबिका कडेपर्यंत गेली, थांबली आणि एक पाऊल मागं सरली.

माईंनी पुन्हा दाबला. ती पुन्हा गेली, पुन्हा मागं सरली. चेहरा तसाच शांत.

“उतरंना ती.”

“पलीकडून पायवाट आहे, माई. तिकडून न्या.”

“मला हितनं जायचंय.”

“इथून पडेल.”

माईंनी आणखी एकदा करून बघितलं. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि जांभई दिली. अशी सणसणीत जांभई, की सरसावून बसलेला यशोधन मागं सरकला.

“दुसरा दे,” त्या म्हणाल्या.

“माई...”

“दे की.”

हैबती निघाला. त्याला साप चावायला आला, तो ओरडत पळाला. ओढ्यात त्याचा पाय घसरला आणि तो तोंडावर आपटला. माई “आगं आई गं” म्हणाल्या आणि खोखो हसत सुटल्या. कडेशी आल्यावर त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही. हैबती धाडकन खाली, थेट चिखलात. उठला, चिखल निथळत पुन्हा चढला. माईंनी या खेपेस त्याला दगडाच्या आधारानं सोडला. तरी पडला. तिसऱ्यांदा झाडाची मुळी धरून, खरचटत, लोंबकळत एकदाचा जाळीपाशी पोचला. त्यानं करवंद तोडून तोंडात टाकलं, तर माईंचे गाल असे फुगले जणू ते त्यांच्याच तोंडात गेलं.

“उतरले बघ मी,” त्या म्हणाल्या.

यशोधनचा चेहरा पडला होता. सगळी दुनिया विरुद्ध गेली तरी इथे आपला विजय ठरलेला आहे, असं धरून तो डोंगर चढला होता.

“तुम्ही पण त्यालाच घेतलंत, माई.”

“त्यो माझं ऐकतो.”

“ती पडत नाही, म्हणून तुम्हाला ती नको?”

“का पडत न्हाई रं ती?”

“मी पडू देत नाही.” तो जवळजवळ भांडणाच्या सुरात बोलत होता. “मुद्दाम केलंय मी ते. सगळ्या गेममध्ये बायकांचे हाल असतात. कुणी पळवून नेतंय, कुणी मारतंय. मी ठरवलं, माझी अंबिका कुठे पडणार नाही. तिला चिखल लागणार नाही, तिच्याकडं बघून कुणी हसणार नाही. तळहातावरच्या फोडासारखी जपलीय मी तिला.”

“कोन हाय ती?”

यशोधननं एक शेंग उचलली, तशीच खाली ठेवली.

“आमची हर्षदा,” तो म्हणाला.

हर्षदा त्याची थोरली बहीण. खो-खो खेळायची. खांबाला धरून असा सूर मारायची, की आसपासच्या गावांतली माणसं तेवढं बघायला यायची. एकदा सूर मारताना पडली आणि गुडघा गेला. घरात सगळे घाबरले. वडील म्हणाले, बास झाला खेळ. आई म्हणाली, बास. लहानगा यशोधनही म्हणाला होता, ताई, नको ना जाऊस. सगळ्यांनी तिला अंथरुणावर हातात ताट दिलं, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. हे सांगताना त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो भराभर बोलून मोकळा झाला.

माईंनी ऐकून घेतलं.

“गुडघा बरा झाला?”

“झाला. पूर्ण बरा झाला.”

“आन हर्षदा?”

“ती परत कधी खेळली नाही.”

ओसरीवर ऊन आलं होतं. माई पुन्हा शेंगांकडं वळल्या. यशोधननं लॅपटॉप मांडीवर ओढला.

“काय करतोयस?”

“ती कडेला गेली की मागं सरते ना, ते काढतोय.”

माईंनी “हं” केलं.

तो काम करत राहिला. कडेचं काढलं, तर बिबट्याचं राहिलं होतं. बिबट्याचं काढलं, तर ओढ्याचं. जिथं हात घालावा तिथं आपणच घातलेलं कुंपण निघत होतं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. मधेच तो थबकला.

“माई, तिचं पडणंच नाही.”

“म्हंजी?”

“पडताना अंग कसं हलायचं, उठताना हात कुठं टेकायचा, हे सगळं आधी करून ठेवावं लागतं. हैबतीसाठी केलंय. तिच्यासाठी मी कधी केलंच नाही.”

“मग आता?”

“हैबतीचंच तिला लावतो. आत हालचालीचा सांगाडा असतो, त्याची हाडं दोघांची एकच आहेत.”

“आसं व्हय?” माई म्हणाल्या, आणि सोललेले दाणे त्यांनी सुपात ओतले.

झालं. अंबिका पुन्हा कडेशी उभी राहिली, तशीच ताठ. यशोधननं कंट्रोलर माईंपुढं धरला.

“माझ्या हातात शेंगा हायत,” माई म्हणाल्या. “तू चालव.”

त्यानं अंगठा ठेवला. नुसतं दाबायचं होतं. पण अंगठा काही हलेना. हैबतीला त्यानं चार वर्षांत दरीत, विहिरीत, काट्यांत कुठंकुठं टाकला असेल, कधी मनात काही आलं नव्हतं. खोटं चित्र आहे, मूर्खा, असं त्यानं स्वतःला बजावलं, तरीही अंगठा हलेना. त्यानं माईंकडं पाहिलं. माई शेंग सोलत होत्या आणि त्याच्याकडं बघायचं नाव घेत नव्हत्या.

यशोधननं दात आवळले आणि अंगठा दाबला.

अंबिका पडली. हातपाय झाडत, वेडीवाकडी, हैबती पडायचा हुबेहूब तशी. चिखलात पालथी झाली आणि पडून राहिली. काचा चिखलानं भरला होता, केस तोंडावर आले होते.

“उठत नाही,” तो म्हणाला.

माईंनी पुढची शेंग उचलली.

“माई, ती उठत...”

अंबिकेनं एक हात टेकला. मग गुडघा. मग उभी राहिली. तोंडावरचा चिखल तिनं मनगटानं पुसला आणि वर, कड्याकडं पाहिलं. हे बघणंही हैबतीचंच होतं, पण यशोधनला ते तसं वाटलं नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि या खेपेला त्यानं भराभर काही बोलून ते लपवलं नाही.

तिला घेऊन तो पुन्हा चढला. पुन्हा पडली. शिवी हासडून तो पुन्हा चढला, मठात आहोत हेही विसरला. दगडाचा आधार घेतला, मुळी निसटली, गेली खाली. आता तो पुढं वाकून खेळत होता आणि पडद्याशीच बोलत होता, “धर, धर, सोडू नकोस... गेली. ऊठ. पुन्हा.” माईंच्या शेंगा संपल्या. त्यांनी सूप पाखडलं, चूल पेटवली, पावटे शिजत घातले. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

जाळीपाशी पोचल्यावरच त्यानं हात खाली ठेवले. अंबिकेनं करवंद तोडून तोंडात टाकलं. ती धापा टाकत होती. यशोधनही.

मग त्याला सोमवार आठवला. पण आता त्याचा आवाज चढला नाही.

“मी तिला काढणार नाही, माई. तुम्ही सांगा, न सांगा.”

“मी कुठं सांगतीया?”

“पण बैठकीत ते विचारतील. लोकांनी तिला का म्हणून घ्यावं, असं विचारतील. देखणी आहे, शूर आहे, हे सगळं आतापर्यंत सांगून झालं. आता काय सांगू?”

माईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं, एक दाणा बोटांत चेपून पाहिला आणि झाकण परत ठेवलं.

“सांग त्यास्नी,” त्या म्हणाल्या, “आमची बाई पडती.”