आम्हाला जमवलं कोणी

नायिकेचे ओले केस मशीननं सरळ करायची घाई निर्मात्यानंच केली होती, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. केस जळले आणि मालिकेतून मला काढलं. घरी बसून हात नुसते शिवशिवायचे. शेजारणीच्या पोरींच्या वेण्या घालायचे, पण डोळ्यांसमोर सेटवरचा तो आरसा आणि ती खुर्ची. स्प्रेच्या वासासाठीसुद्धा जीव तुटायचा.

तिकडे निर्माता एकेका हेअरड्रेसरला बोलावत होता. प्रत्येकीचं उत्तर एकच, "आधी शेवंताबाईंना परत घ्या."

शेवटी त्यानं मला सेटवर बोलावून सगळ्यांदेखत दरडावलं, "या बायकांना जमवलं कोणी? नाव सांग, तिला कुठंच काम मिळू देणार नाही."

म्हटलं, "तुम्हीच जमवलंत, साहेब. तुम्ही एकीला काढायचात. नवी यायची, ती कामाला लागण्याआधी जुनीला फोन करून विचारायची, बाई, तुला का काढलं? आमची ओळख अशीच झाली. आता बसवा त्या जमवणाऱ्याला घरी."

नायिका हसली. खुर्चीत बसून तिनं कंगवा माझ्या हातात दिला. "शेवंताबाई, माझे केस कुणी जाळले?"

तिच्या केसांत बोटं घातली. इतकी वर्षं ज्याला नुसतं साहेब म्हटलं, त्याचं पुरं नाव घेतलं, "मनोहर खांबेटे."