प्रतिवादीची बाजू

"मग मी काय कमी केलं, बुवा?"

 निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर घोंगडीचा फाटका काठ शिवायला बसले होते आणि सुईत दोरा जात नव्हता.

श्रीनिवास धारप पुढे बोलू लागले. उच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील म्हणून हयात गेलेल्या माणसाला समोरची शांतता ही बोलायची परवानगीच वाटते.

"बावीस वर्षं त्या पंप कंपनीचा संचालक होतो. देवयानी सामंत माझ्या हाताखाली तयार झाली. तिला कंपनीत मीच नेलं. आता ती अध्यक्ष झाली आणि पहिलं काम काय केलं, तर वयाचा नियम दाखवून मला घरी बसवलं. उद्या दावा लावतोय. तुमचा आशीर्वाद हवा."

"कोणाला?"

"मला. वादीला."

"तुमच्या कोर्टात एकच बाजू ऐकून निकाल देतात?"

"नाही."

"मग उठा."

"कुठे जाऊ?"

बुवांनी सुईनेच समोरचा खांब दाखवला. "तिथे बसा. आता तुम्ही सामंतबाईंचे वकील."

धारप हसले. पक्ष कुठलाही असो, बाजू मांडायची म्हटलं की त्यांची गुडघेदुखी थांबत असे. खांबापाशी बसून त्यांनी घसा साफ केला.

"वादी म्हणतो, त्याने सगळं स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. हे आम्हाला मान्य नाही. पहिल्याच मोठ्या खटल्यात, भर उलटतपासणीत, वादीला पुढचा प्रश्न आठवेना. तेव्हा विरुद्ध बाजूचे कानिटकर वकील पोट धरून उठले आणि त्यांनी पुढची तारीख मागून घेतली."

"बरं."

"त्यांचं पोट दुखत नव्हतं."

बुवा शिवत राहिले.

"कंपनीचा पहिला खटला वादी हरला. तरी मालकांनी त्याला संचालक केलं. कारण हरणार हे त्याने आधीच सांगितलं होतं. म्हणजे, तेही..."

"तेही काय?"

"ते सामंतबाईंनी ओळखलं होतं. वादीने फक्त मालकांच्या कानावर घातलं. माझं नाव सांगा, असं ती कधी म्हणाली नाही."

"आणि तो वयाचा नियम?"

धारप खांबापासून थोडे पुढे सरकले. 

"वादीनेच लिहून दिला होता. आधीचे अध्यक्ष खुर्ची सोडत नव्हते म्हणून."

"दाखवताना बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सर, नियम आपल्या माणसाला आधी लावायचा, हे तुमच्याकडेच शिकले."

"मग?"

"चांगली शिकली." धारपांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. तो बराच वेळ पुसावा लागला. "किती जणांनी सांभाळून घेतलं मला, बुवा... एकाचेही आभार मानले नाहीत. पोट दुखणाऱ्या कानिटकरांचेसुद्धा नाहीत."

"दाव्याचं काय?"

"टिकणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "टिकला असता तरी आता लावायचा नाही."

बुवांनी दोरा दातांनी तोडला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली.

"एक पान वाढवा हो. हे वकील जेवायला थांबतायत. मघाचे ते वादी गेले."