झिपरू आणि रिकामी जागा

एका गावात एक भोळा गडी होता. नाव झिपरू. सांगितलं तेवढं करायचा, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. एकदा आई म्हणाली, "गाय परत येईपर्यंत दारात उभा राहा." गाय मागच्या दारानं गोठ्यात येऊन रवंथ करत बसली. हा पठ्ठ्या तीन दिवस पुढच्या दारात उभा.

त्याचे धुडकूमामा राजधानीत होते. राज्याच्या विधिमंडळाचं जे वरचं सभागृह, तिथं शिपायांचे जमादार. खालच्या सभागृहात लोकांनी निवडलेले आमदार बसत. वरच्यात मास्तरांनी निवडलेले, पदवीधरांनी निवडलेले, नगरपालिकांनी निवडलेले आणि राज्यपालांनी नेमलेले थोडे विद्वान बसत. सगळी शहाण्यांची दाटी. मामांना वाटलं, एवढ्या शहाण्यांत एक बावळट सहज खपून जाईल. त्यांनी झिपरूला तिथं शिपाई म्हणून चिकटवला.

मामांची मुलगी केसर. झिपरूचा तिच्यावर लहानपणापासून जीव. मामा म्हणाले, "अधिवेशन संपेपर्यंत नोकरीवर टिकलास, तर तुमचं दोघांचं लग्न लावून देतो. नाही टिकलास, तर गावची गाडी धरायची."

केसरलाही झिपरू पसंत होता. ती म्हणायची, "ऐकतो तरी बिचारा. या घरात दुसरं कोण ऐकतं?"

पहिल्या दिवशी सभागृहात गोंधळ माजला. सभापती खुर्चीतून उठून उभे राहिले. ते उभे राहिले की सगळ्यांनी गप खाली बसायचं, अशी तिथली रीत. सगळे बसले. मधोमध झिपरू पाण्याचा ग्लास घेऊन उभा. सभापती त्याच्याकडं बघतायत, हा सभापतींकडं बघतोय. शेवटी तो म्हणाला, "बसा की साहेब, दमला असाल."

मामांनी त्याला बाहेर ओढलं. "अरे झिपऱ्या, सभापती उभे राहिले की असशील तिथं खाली बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही."

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी सभापतींची गाडी दारात आली. सभापती उतरले. उतरले म्हणजे उभे राहिलेच. झिपरू होता दाराच्या उंबऱ्यात. तो तिथंच खाली बसला. सभापती म्हणाले, "बाजूला हो." झिपरू बोलेना. मागून वीस सदस्य येऊन थांबले. त्यांनी हाका मारल्या, खांदे हलवले. झिपरू हलेना. शेवटी सभापती आणि वीस सदस्य मागच्या बाजूनं, कॅन्टीनच्या मुदपाकखान्यातून आत गेले. सभागृह अर्धा तास उशिरा सुरू झालं आणि सगळ्यांच्या अंगाला फोडणीचा वास येत होता.

मामांनी कपाळावर हात मारला. "तो नियम आतला रे. बाहेर सभापती दिसले की त्यांच्यापुढं चालायचं, गर्दी बाजूला करायची आणि त्यांना नीट खुर्चीपर्यंत पोचवायचं."

"बरं मामा."

तिसऱ्या दिवशी दुपारी सभापती घाईघाईनं बाहेर आले. सकाळपासून ताक जरा जास्त झालं होतं. ते निघाले होते उजवीकडं, जिथं असल्या वेळी माणूस जातो. झिपरू धावत पुढं झाला. "बाजूला व्हा, बाजूला व्हा," करत त्यानं गर्दी हटवली आणि सभापतींना वळवून थेट खुर्चीशी नेलं.

"अरे, मला तिकडं जायचंय."

"खुर्ची इकडं आहे साहेब."

सगळं सभागृह बघत होतं. सभापती काय करणार? बसले. त्या दिवशी दहा मिनिटांत तीन विधेयकं मंजूर झाली. विरोधी पक्षनेते भाषणाला उठले, पण सभापतींचा चेहरा बघून त्यांनाच दया आली.

संध्याकाळी मामा म्हणाले, "अरे गाढवा, आधी माणसाला विचारावं, कुठं निघालात? आणि त्याला जायचं असेल तिथं जाऊ द्यावं."

"बरं मामा."

चौथ्या दिवशी सभागृहात सहाच सदस्य उरले. निदान दहा असल्याशिवाय कामकाज चालत नाही. म्हणून घंटा वाजवली. घंटा वाजली की बाहेरचे सदस्य आत येतात. ते आलेही. दारात झिपरू उभा.

"साहेब, कुठं निघालात?"

"आत."

"पण जायचंय कुठं?"

पहिला सदस्य प्रामाणिक होता. म्हणाला, "खरं सांगू? घरी. नातीचा वाढदिवस आहे."

"मग जा की," झिपरू म्हणाला.

दुसऱ्याला जेवायचं होतं, तिसऱ्याला झोपायचं होतं. झिपरूनं सगळ्यांना जाऊ दिलं. हे ऐकून आतल्या सहांतलेही दोघे उठून गेले. अर्धा तास घंटा वाजत राहिली आणि कामकाज बंद पडलं.

सचिवांनी झिपरूला काढून टाकायची फाईल तयार केली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते हात जोडून म्हणाले, "बाबा रे, घंटा वाजली की दहा माणसं आत पाहिजेत. दहा. एवढं एकच लक्षात ठेव."

"बरं मामा."

पाचवा दिवस शेवटचा. कॅन्टीनमध्ये सुपडू आचाऱ्याची भजी करपली. धुराचे लोट उठले. आग लागल्याची घंटा वाजली. सभापतींपासून शिपायांपर्यंत सगळे बाहेर पळाले. झिपरू मात्र आत पळाला. जाताना हाताला लागेल त्याला ओढत नेलं. दोन सदस्य, तीन कारकून, एक माळी, दाढी करायला आलेला न्हावी, दोन बातमीदार आणि भज्यांचा झारा हातात घेतलेला सुपडू. दहा झाले. झिपरूनं बाहेरून कडी लावली.

आग काही मोठी नव्हती. दार उघडलं तेव्हा दहाच्या दहा जण खोकत बाकांवर बसले होते.

मामांना हसावं की रडावं कळेना. "दहा आणलेस, पण खुर्चीत कोण होतं? कुणी नाही. मग सभा कसली? नीट ऐक. सभापती नसले तर उपसभापती बसतात. तेही नसले तर तालिकेवर नावं नेमून ठेवलेली असतात, त्यातला एक बसतो. पण जागा क्षणभर रिकामी ठेवायची नाही. जो बसेल त्याला सभापतींचाच मान. त्यानं जे केलं ते सभापतींनीच केलं असं धरायचं."

"बरं मामा."

अधिवेशन त्याच संध्याकाळी संपलं. झिपरूला काढायची फाईल तेव्हा कुठं अवर सचिवांकडून उपसचिवांकडं निघाली होती. म्हणजे झिपरू टिकला. मामा शब्दाचे पक्के. त्यांनी लग्नाचा मुहूर्त धरला.

मांडव भरला. झिपरू मुंडावळ्या बांधून पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट, अंतरपाटापलीकडं केसर. भटजी डोळे मिटून मंगलाष्टकं म्हणत होते. मामा पंगतीची पानं मोजायला गेले होते. लोक लांबून अक्षता टाकत होते आणि जिलबी कुठवर आली ते बघत होते. झिपरूला जन्मात इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेवढ्यात मांडवाच्या दारात सभापतींची गाडी थांबली. मामांनी त्यांना आमंत्रण दिलं होतं. आता त्यांना आत आणायला कुणीतरी जायला हवं. झिपरू निघाला, पण एक पाऊल टाकून थबकला. जागा रिकामी राहील.

शेजारी सुपडू उभा होता, चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. झिपरूनं मुंडावळ्या सोडून त्याच्या कपाळाला बांधल्या, हातात हार दिला आणि त्याला पाटावर उभं केलं.

"मी येईपर्यंत इथनं हलू नको."

सुपडूही काही कमी सांगकाम्या नव्हता. "बरं," म्हणाला.

झिपरू सभापतींना घेऊन परत आला तेव्हा वाजंत्री वाजत होती. अंतरपाट खाली आला होता. केसरनं मान खाली घालूनच हार घातला होता. सुपडूनंही हातातला हार तिला घातला. मग केसरनं मान वर केली.

वाजंत्री बंद पडली. मामा धावत आले. "झिपऱ्या, काय केलंस हे?"

"जागा क्षणभर रिकामी ठेवली नाही मामा," झिपरू अभिमानानं म्हणाला.

भटजी शहाणे होते. ते म्हणाले, "घाबरू नका. सप्तपदी अजून व्हायची आहे. खरा नवरदेव पाटावर येऊ दे, चुटकीसरशी निभावून नेतो."

सगळा मांडव झिपरूकडं बघू लागला. सुपडू हार काढायला लागला. केसरच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "झिपरू, ये की रे. माझ्याशी लग्न करायचंय ना तुला?"

झिपरूनं धावत जाऊन सुपडूचा हात धरला, हार पुन्हा त्याच्या गळ्यात नीट बसवला आणि केसरकडं बघून प्रेमानं हसला.

"रडतेस कशाला, वेडे? आपलं लग्न झालंसुद्धा. मी फक्त गैरहजर होतो."