सांगून जावे

एकदा एका बंदरावर एक वृद्ध सद्गृहस्थ पाळणाघर चालवीत असे. होड्या भरतीच्या पाण्यावर येत, आणि भरती कोणाची सोय बघत नाही. आज पहाटे, तर चार दिवसांनी उन्हे वर आल्यावर. मासळी निवडणाऱ्या आया तशाच वेळी-अवेळी लेकरे आणून सोडत. एवढ्या एका गोष्टीला म्हातारा कपाळाला आठी घालीत नसे. बाकी सगळ्याला घाली.

त्याच्या हाताखाली एक शिष्या होती. शिकलेली, मायाळू, आणि आपलेच खरे मानणारी. लेकरांचे रडणे तिला सोसवेना, म्हणून तिने युक्ती काढली. मूल आले की ती त्याला मागच्या अंगणात कोंबडीची पिल्ले दाखवायला नेई, तेवढ्यात आई पसार. रडे थांबले. शिष्या खूश.

पण येसू नावाची दोन वर्षांची पोर बिघडली. झोपेतही आईचा पदर सोडीना. पाळणाघरात घास तोंडात तसाच धरून बसे, गिळीत नसे. एके सकाळी तिची आई रडकुंडीला आली. "बाय, मुकादम म्हणतो उद्या उशीर केलास तर दुसरी बाई घेतो. कमावणारी मी एकटी. पण ही अशी चिकटते, हिला सोडून जाऊ कशी?"

शिष्या म्हाताऱ्याकडे गेली. "आबा, मी तर तिला कधी रडूही दिलं नाही!"

"घागर भरून आण. मग बोलू."

ती विहिरीवरून आली तर आबा नाहीत. काठी नाही, वहाणा नाहीत. न सांगता ते कधी कुठे जात नसत. ती दहादा दाराशी गेली. आधी राग आला, मग भीती वाटली. पडले तर नसतील? चुलीवरची खिचडी करपली, तरी तिला वास आला नाही. ऊन डोक्यावर आल्यावर म्हातारा निवांत चालत आला.

"होतात कुठे? सांगून तरी जायचं!" तिचे डोळे भरले.

"सांगितलं असतं तर तू कटकट केली असतीस. म्हणून तुला पाण्याला धाडलं अन् सटकलो. तुझीच युक्ती. बरी आहे ना?"

शिष्येने करपलेली खिचडी चुलीवरून खाली उतरवली.

"तू एवढी घोडी झालीस, तरी तुझी खिचडी करपली. ती तर दोन वर्षांची. आईची वेळ ठरलेली नाही, ठरणारही नाही. समुद्र आपल्या बापाचा नाही. लेकराला धरायला आईचा शब्द तेवढा होता, तोही तू काढून घेतलास. रडेल ती. रडू दे. मांडीवर घ्यायला तुला ठेवलंय, कोंबड्या दाखवायला नाही."

दुसऱ्या दिवशी शिष्येने येसूच्या आईला उंबऱ्यातच बसवले. आई म्हणाली, "येसू, मासळी निवडून येते. तोवर ही मावशी तुझ्यापाशी." येसूने आकांत मांडला. आई डोळे पुसत, पण वेळेवर कामावर गेली. शिष्या पोरीला मांडीवर घेऊन दारातच बसली. हुंदके ओसरले, तेव्हा येसूची मूठ शिष्येच्या पदरावर होती.

आठवड्याने होड्या फार लांबल्या, येसूची आई परतेना. शिष्याच सारखी वाटेकडे बघू लागली. तेव्हा येसू तिला म्हणाली, "आई येते." आणि तोंडातला घास तिने गिळला.