न मळलेला पाव

“मग त्याला सांगू तरी काय, बाबा?”

हिंदुराव वस्तादांनी पुन्हा तेच विचारलं. चांदशा फकीर आपल्या तक्क्याच्या, पिराच्या कबरीशेजारच्या मठीच्या, ओसरीवर पीठ कालवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“तू काय ठरवलंयस?”

वस्तादांनी तर सगळं पाठच करून ठेवलं होतं. घर सोडून गेलेला त्यांचा दिगू उद्या दुपारच्या एसटीनं यायचा होता. एकुलता एक मुलगा. तालमीत वस्तादांनी त्याला जरा जास्तच रगडला, आणि एका पहाटे लंगोट खुंटीवर तसाच ठेवून पोरगा निघून गेला. आता स्टँडवरच त्याला गाठायचं, चार खडे बोल सुनावायचे, पाठोपाठ दोन मायेचे बोलायचे, आणि हाताला धरून थेट तालमीत न्यायचं. बेत पक्का होता. फक्त सकाळी बायको चुलीपुढून म्हणाली होती, “ह्या खेपेला गेला, तर परत न्हाई यायचा.” तेव्हापासून वस्तादांच्या जिवाला घोर लागला होता.

वस्ताद हे सगळं सांगत होते तोवर फकिराचे हात चालूच होते. पीठ, मीठ, पाणी आणि कालच्या पिठातला आंबलेला लहानसा गोळा, एवढंच त्याच्यापुढे होतं. लाकडी पळीनं त्यानं ते ढवळलं, कोरडं पीठ दिसेनासं झालं तसा थांबला. दोन पातेल्यांत सारखं ओतलं. नुसता चिकट रबरबाट दिसत होता.

त्यातलं एक पातेलं त्यानं वस्तादांकडे सरकवलं.

“हे तुझं. आज इथंच ऱ्हा. सकाळी पाव भाजू.”

“मळायचं कुणी?”

“कुणीच न्हाई.”

वस्ताद खो खो हसले. तालमीच्या हौद्यातली माती तेल-ताक घालून मळण्यात त्यांची हयात गेली होती. गावातली पोरंही आपण तशीच मळली, असं ते मिशीला पीळ भरत सांगायचे.

“मळल्याबिगर जोर येतोय व्हय त्याला?”

“येतोय.”

“कुठनं?”

फकिरानं दोन्ही पातेल्यांवर एकेक ओलं फडकं टाकलं.

“फडकं उचलायचं न्हाई, वस्ताद. तुला एवढंच काम.”

तो कबरीपाशी ऊद लावायला गेला. इकडे वस्तादांसारखा बलदंड गडी, पण एवढंसं काम त्याला होईना. वस्तादांनी आपल्या पातेल्यावरचं फडकं हळूच उचललं. पीठ बोटांना चिकटलं, तसं त्यांनी मूठमूठ कोरडं पीठ घातलं आणि गुडघे टेकून असं मळलं, असं मळलं, की ओसरी हलायला लागली. गोळा घट्ट झाला तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

पुढे रात्री तो गोळा फुगायला लागला, तर वस्तादांनी बुक्की मारून खाली बसवला. पुन्हा फुगला, पुन्हा बसवला. तालमीतला त्यांचा शिरस्ताच होता तो. कुणी पोर गदा जिंकून आलं, की दुसऱ्या दिवशी त्याला दुप्पट जोर काढायला लावायचे. पोर फुगू नये म्हणून.

उजाडल्यावर फकिरानं फडकी काढली. त्याच्या पातेल्यातलं पीठ काठाला आलं होतं, जाळी पडून थुलथुलत होतं.

“माझा बघा,” वस्ताद म्हणाले. “कसा घट्ट झालाय.”

“व्हय,” फकीर म्हणाला. “घट्ट झालाय.”

जाड बुडाचं लोखंडी भांडं चुलीवर लाल होईस्तोवर तापवलं. एकामागून एक दोन्ही पाव त्यात पडले, वर झाकण, झाकणावर निखारे. सगळ्या ओसरीवर खरपूस वास सुटला.

फकिराचा पाव टम्म फुगून बाहेर आला. वस्तादांचा जसा आत गेला तसाच बाहेर आला, फक्त काळा होऊन. त्यांनी तो दोन्ही हातांनी मोडायला घेतला. कपाळावरची शीर ताठ झाली, पण पाव काही मोडेना.

“मी तर जीव तोडून केलं, बाबा.”

“दिसतंय की.”

वस्तादांनी पाव खाली ठेवला. त्याच्या काळ्या कवचावरून बोट फिरवलं.

“दिगूलाबी मी...”

त्यांचे डोळे भरून आले, आणि या वयात, या देहाला ते लपवताही येईना.

फकिरानं तो काळा पाव उचलला, दगडानं फोडला, एक तुकडा चहात बुडवला आणि उरल्यासुरल्या दातांनी चावत बसला.

“टाका तो, बाबा! वाया गेलाय.”

“तुझ्या हातचा हाय. मी खातो.”

मग त्यानं दुसरा पाव फडक्यात गुंडाळला. कवच अजून आतल्या आत तडतडत होतं. वस्तादांनी बोटानं दाबून बघायला हात पुढे केला, तर फकिरानं मनगट धरलं.

“आत अजून चाललंय त्याचं.”

उन्हं तक्क्याच्या पायरीवर आली. वस्ताद उठले, पण निघेनात.

“एसटी यायची येळ होईल. खरंच सांगा, बाबा. तो उतरला की मी काय बोलू?”

या खेपेला आवाजात हुकूम नव्हता. फकिरानं तो गरम पाव त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवला. मग त्यांचा डावा हात ओढून तोही खाली लावला.

“असा धरून उभा ऱ्हा. तो बोलंस्तोवर एकबी हात मोकळा करू नगंस.”