वाटेतलं वगळलेलं घर

आता कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, खाडीच्या काठी ख्रिस्ती लोकांचं एक लहानसं गाव होतं. गाव मोठं भाविक बरं का! इतकं भाविक, की शेजारच्या घरात काय चाललंय ते बघायला त्याला सवड नव्हती.

त्या गावाची एक रीत होती. पाऊस सरला की मरियामातेची मूर्ती चर्चमधून निघायची आणि घरोघरी मुक्काम करायची. रोज तिन्हीसांजेला गाणी म्हणत तिला एका घरातून पुढच्या घरी न्यायचं. तिथे सगळ्या आळीने बसून जपमाळ म्हणायची, उकडलेले चणे खायचे. दिवा विझू नये म्हणून दोघीतिघी बायका रात्री तिथेच राहायच्या.

मूर्ती प्रत्येक घरी जायची. फक्त पास्कूच्या घरी नाही.

पास्कू दारुडा होता. प्यायला की हाताला येईल ते फेकायचा आणि पोरींना बडवायचा. बायको दुखण्याने गेली, मागे दोन मुली उरल्या. थोरली फिलू आणि धाकटी लुशी. लोक म्हणायचे, "त्या घरात पाप भरलंय. तिथे माता कशी न्यायची?" पोरींनी कुठलं पाप केलं होतं, ते कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही.

मूर्ती उचलायचा मान आग्नेस मावशीचा होता. बाई सरळ, टापटीप, उपासतापास करणारी. फिलूची ती धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी फिलूला हातावर घेऊन, "हिला मी सांभाळीन," असं तिने देवासमोर कबूल केलं होतं. तिचं घर पास्कूच्या घराला लागूनच. मधे एक कुडाची भिंत. त्या भिंतीतून काय काय ऐकू यायचं, ते मावशीला चांगलं ठाऊक होतं. कधीमधी ती मागच्या दाराने पोरींना भाकरी द्यायची आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आधी इकडेतिकडे बघायची.

एका वर्षी फिलू तिच्याकडे आली. म्हणाली, "मावशी, यंदा मातेला आमच्याकडे आण ना गं."

"अगं, तुझा बाप असला! आधी त्याला सुधारू दे, मग बघू."

"बाबा म्हणालेत, माता दारात आली तर दारू सोडीन. कालपासून घेतली नाही त्यांनी." मग खाली बघत फिलू म्हणाली, "आणि मावशी, माणसं येतील ना घरात. एकदा आली की मग येत राहतील."

पोर काय मागत होती, ते मावशीला लख्ख कळलं. तरी ती म्हणाली, "बघते हं." हे "बघते" तुम्हीही ऐकलं असेल, पोरांनो. म्हटलंही असेल.

फिलूने अंगण सारवलं, झेंडूची माळ केली, दारात दिवा लावला. संध्याकाळी मिरवणूक आळीत शिरली, तेव्हा पास्कू धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर उभा होता. हात जोडलेले होते. लुशी त्याच्या मागे लपली होती.

मावशीची पावलं तिथे अडखळली. मूर्ती तिच्याच हातात होती. वळली असती तर कुणाची अडवायची छाती नव्हती. पण मागून एक बाई फिस्कारली, "काय गं, दारुड्याच्या घरी नेतेस की काय मातेला?" दुसरी हसली. मावशीच्या मनात आलं, लोक काय म्हणतील! तिने मान खाली घातली आणि पुढे गेली. पुढचं घर तिचंच होतं.

पास्कूने हात सोडले. माळ तोडून अंगणात फेकली आणि तरातरा गुत्त्याकडे निघून गेला.

मावशीच्या घरी जपमाळ सुरू झाली. अर्धी होते न होते तोच पिऊन परतलेल्या पास्कूची आदळआपट पलीकडून ऐकू आली, मग फिलूची किंकाळी. "मावशी! मावशी गं!"

घरात माणसं दाटीवाटीने बसली होती. धडधाकट गडी होते. सगळ्यांनी ऐकलं. एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी आवाज चढवला, मग सगळ्यांनी चढवला, आणि मावशीने सगळ्यांच्या वर. "हे पवित्र मरिये, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर." पलीकडचा आवाज ऐकू येईनासा झाला. मग चणे वाटले.

सकाळी लुशी दारात आली. "मावशी, ताई उठत नाही."

ती कशी उठणार? पाट्यावर डोकं आपटून फिलू गेली होती. पास्कूला राजाचे शिपाई दोराच्या काढण्या लावून घेऊन गेले. त्याने केलं ते घोर पाप होतं, त्यात किंतु नाही, आणि त्याची शिक्षा त्याला मिळाली.

गावाचे म्हातारे फादर खाडीपलीकडे राहायचे. फिलूच्या मातीला ते होडीने आले. माती झाल्यावर मावशी त्यांच्यापाशी पापांची कबुली द्यायला गुडघ्यांवर बसली. रागावले, खोटं बोलले, उपास मोडला, असं नेहमीचं सगळं तिने सांगितलं.

"आणखी?"

"आणखी काही नाही, फादर. त्या पोरीला तर मी काहीसुद्धा केलं नाही."

"होय," फादर म्हणाले. "काहीसुद्धा केलं नाहीस."

मावशीचा बांध फुटला. "माझ्या नावाने हाक मारत होती हो ती! मी ऐकलं. मी ऐकलं आणि आवाज वाढवला!"

फादरही रडले. म्हणाले, "बाई, बापाचं पाप पोरींच्या माथी कुणी मारलं? देवाने नाही, तुम्ही मारलंत. तुला पश्चात्ताप झालाय, देव क्षमा करील. पण त्या क्षमेने फिलू परत यायची नाही. धाकटीला घरी ने. पुढच्या दाराने ने, सगळ्यांच्या देखत."

मावशीने लुशीला नेलं. पोटच्या पोरीसारखं वाढवलं, लोकांच्या तोंडाला तोंड दिलं. पुढे गावाने रीत बदलली. मूर्ती आधी पास्कूच्या घरी जाऊ लागली. पण तिथे दिवा लावायला कुणी उरलं नव्हतं.

लुशी गुणी निघाली. सांगितलेलं सगळं करायची, दिलेलं खायची. पण मावशी मरेपर्यंत तिने मावशीकडे कधी काहीही मागितलं नाही. भूक लागली तरी नाही, ताप चढला तरी नाही. मागितल्यावर काय होतं, ते तिने पाहिलं होतं.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: हाक ऐकून जो जागचा हलत नाही, तोही त्या पापाचा वाटेकरी होतो.