राजाची रिकामी वाटी

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला जेवणाचा वीट आला होता. साठ पक्वान्नं समोर, आणि राजा तोंड फिरवून बसलेला. आता असा वीट आला तर माणसाने एक दिवस लंघन करावं, चार कोस पायी चालावं, भूक आपली पाय धरत येते. पण राजेच ते! या राजाने, अमृतसेन त्याचं नाव, बोलावला जादूगार. जादूगाराचं नाव भस्मनाथ. भस्मनाथाने सात डोंगरांपलीकडच्या नागाकडून सोन्याची एक वाटी आणली. देताना नागाने एक अट घातली होती. ती भस्मनाथाने गिळून टाकली, राजाला सांगितलीच नाही.

त्या दिवसापासून दिवेलागणीला राजवाड्याच्या गच्चीवरून तांब्याचे पोपट उडत. प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर एक पोपट बसे आणि विचारी, "आज काय केलंत?" घरच्यांनी पदार्थाचं नाव सांगितलं की त्याची चव वाफ होऊन उडे आणि दूर राजाच्या सोन्याच्या वाटीत जाऊन पडे. मागे राही ते नुसतं रूप. भाकरी दिसायला भाकरी, चावली की राख. राजा मिटक्या मारत वाटी चाटी. आणि गंमत बघा, जितकं चाटी तितकी भूक वाढे. भूक वाढे तसा तो भस्मनाथाला आणखी पोपट घडवायला सांगे. भस्मनाथाला तेच हवं होतं; राजा जितका भुकेला, तितका त्याच्या मुठीत.

त्याच राज्याच्या टोकाच्या गावात हौसाबाई राहत होती. नवरा सिदोबा घोंगड्या विणी. लेक वेणू पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. पहिल्या संध्याकाळी तांब्याचा पोपट दारात आला तेव्हा हौसाबाईला केवढा आनंद! "अगं बाई, राजाने विचारलं हो आमच्या घरचं!" म्हणत तिने बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, हाळिवाची खीर, सगळं साग्रसंगीत सांगितलं. वर "बाळंतिणीसाठी केलंय हो, तूप जरा सढळ आहे," असंही सांगितलं. पुढे कित्येक दिवस तो आनंद आठवून ती स्वतःच्याच तोंडात मारून घेई.

कारण त्या संध्याकाळपासून वेणूने ताट दूर सारायला सुरुवात केली. "आई, तोंडात राख येते गं." एक घास, दोन घास, मग तेही नाही. नवव्या दिवशी दूध आटलं. पोरगी रडून रडून निळी पडायला लागली.

हौसाबाईच्या वळचणीला एक साळुंकी राहत होती. रोज भाकरीचा पहिला तुकडा तिचा. तिलाही राख खाऊन खाऊन राग आला, म्हणून ती एकदा पोपटामागोमाग उडत गेली आणि सगळं पाहून आली.

"हौसाबाई," साळुंकी म्हणाली, "तुझ्या तोंडूनच चव जाते. नाव सांगू नकोस."

हौसाबाईने सगळ्या आळीला सांगितलं. आळी म्हणाली, "खरं गं, पण दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?" हौसाबाई म्हणाली, मी म्हणते. त्या संध्याकाळी ती दात आवळून उंबऱ्यावर बसली. पोपट आला. "आज काय केलंत?" ती गप्प. पोपटाने मान वाकडी केली. "घरात काही नाही वाटतं?" ती गप्प. "काहीच नाही?" आता तुम्हीच सांगा, तांदूळ संपले तरी आपण "वाढले" म्हणतो, आणि बाळंतिणीच्या खोलीसमोर, दिवेलागणीला, हा मेला पुन्हा पुन्हा "नाही" म्हणतोय! तिसऱ्यांदा त्याने चोच उघडली आणि हौसाबाईचा धीर सुटला. "आहे रे मुडद्या, आहे! भरलेलं घर आहे माझं! भाकरी आहे, मुगाचं वरण आहे!" झालं. आतून वेणूचा आवाज आला, "आई, वरणाची राख झाली."

हौसाबाई उठली ती पदर खोचूनच.

पहाटे तिने सिदोबाला सांगितलं, "तान्हीला शेजारणीकडे पाजून आणा. वेणूला काहीतरी शिजवून घाला. मी राजाकडे जाते."

"राजाकडे? तू?" सिदोबा म्हणाला. "आणि शिजवू मी? मला चूल पेटवता येत नाही."

"मग आज येईल," म्हणून ती निघाली. साळुंकी खांद्यावर बसली.

वाटेत पहिल्या गावात लोहारणीने पाणी दिलं. रीतच ती, पाणी पिताना एकीने दुसरीला विचारायचं. "आज काय करणार गं?" हौसाबाई म्हणाली. लोहारीण म्हणाली, "हुलग्याचं माडगं. सासऱ्यांना दात नाहीत, तेवढंच जातं त्यांना. हल्ली तेही थुंकतात." दुसऱ्या गावात नदीकाठी कोळीण भेटली. "आज चिंच घालून मासळीचं कालवण," ती म्हणाली. "धनी आठ दिवसांनी होडीवरून येतायत. करायचं खरं, पण काय उपयोग?" हौसाबाईची कानशिलं तापली. चालता चालता ती साळुंकीला म्हणाली, "राज्यातली बारा हजार घरं जळोत, पण याची एक वाटी भरो! हा कसला राजा?"

दुपार कलताना ती राजवाड्याच्या दारी पोचली. दारात भस्मनाथ उभा. अंगभर राख, डोळे विस्तवाचे.

"कोण तू? काय हवं?"

"हौसाबाई. माझ्या लेकीच्या ताटातली चव हवी."

"राजाला भेटायचं तर तीन कामं करावी लागतील. चुकलीस तर तांब्याची होऊन गच्चीवर बसशील."

"सांग."

"आत दगडी चूल आहे. शंभर वर्षं ती पेटलेली नाही. ती पेटव."

चूल काळी, तडकलेली. लाकूड घातलं की थुंकून बाहेर टाकी. मोठमोठे आचारी तिने भाजून काढले होते. हौसाबाईने लाकूड घातलंच नाही. आधी माती आणि शेण कालवून तिच्या भेगा लिंपल्या, हलक्या हाताने सारवली, कडेला हळदीकुंकवाची दोन बोटं लावली. चुलीने उसासा सोडला. "शंभर वर्षांत कुणी अंगावरून हात फिरवला नाही गं," ती म्हणाली आणि आपली आपण पेटली.

"दुसरं काम," भस्मनाथ म्हणाला. त्याने जुनाट पीठ पुढे टाकलं. राजाच्या आज्याच्या वेळी दळलेलं होतं ते. "याची भाकरी कर. तुटली तर तू संपलीस."

हौसाबाईने चिमूट बोटांत चोळली. विरी साफ गेलेली, चिकटपणा म्हणून उरला नव्हता. तिला हसू आलं. विरी गेलेलं पीठ कोणत्या घरात नसतं? तिने पाण्याला आधण आणलं, उकळत्या पाण्यात पीठ कालवलं, तळहाताने रगड रगड रगडलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, ती टम्म फुगली. पहिला तुकडा तिने सवयीने साळुंकीपुढे धरला. साळुंकीने चोच मारली आणि ओरडलीच, "हौसाबाई, चव आहे हिला!" असणारच. या भाकरीचं नाव कुठल्या पोपटाने विचारलं होतं? हौसाबाईने उरलेली भाकरी पदरात बांधली, वेणूसाठी.

एवढ्यात दिवे लागले. तांब्याचे पोपट फडफडत उडाले. भस्मनाथ तिला दरबारात घेऊन गेला. राजा अमृतसेन सिंहासनावर सोन्याची वाटी मांडीत घेऊन बसला होता. हौसाबाईने पाहिलं आणि ती चरकली. एवढं खाऊन राजाची हाडं निघालेली, गाल आत गेलेले, वेणूसारखेच.

वाटीत वाफा पडू लागल्या. राजा आता चाटणार, तोच भस्मनाथाने त्याला थांबवलं.

"तिसरं काम. वाटीत बारा हजार घरांचं जेवण आहे. त्यातली तीन घरं ओळख."

हौसाबाई वाटीवर वाकली. तिखट, आंबट, तुपकट, सगळ्याचा नुसता काला झालेला. तिने डोळे मिटले.

"हे हुलग्याचं माडगं," ती म्हणाली. "लोहारणीच्या घरचं. तिच्या सासऱ्याच्या तोंडात दात नाही, महाराज. त्याला जाणारा एवढाच घास होता, तो तुम्ही काढून घेतलात."

राजाने वाटी मांडीत घट्ट धरली.

"ही चिंच कोळणीची. तिचा नवरा आठ दिवसांनी घरी आलाय. आत्ता, या घटकेला, तो राख चावतोय, आणि ती खालमानेने बसलीय. तिचं काय चुकलं?"

"तिसरं," भस्मनाथ खेकसला.

हौसाबाई पुन्हा वाकली. आणि एकदम थबकली. बारा हजार वासांतून एक वास वर आला. करपलेली खिचडी. मीठ विसरलेलं, जिरं जळून कोळसा, तळ लागलेला. असली खिचडी जन्मात कधी चूल न पेटवलेला माणूसच करील. मग तिचा जो आवाज चढला, तो गच्चीपर्यंत गेला.

"हे माझं घर! ही माझ्या धन्याने केलेली खिचडी. साठ वर्षांत पहिल्यांदा तो चुलीपुढे बसला, लेकीसाठी. हात भाजले असतील त्याचे, आणि पोपटाने डिवचलं तसं भोळ्याने नावही सांगून टाकलं असेल. करपली तर करपली, ती माझ्या वेणूची होती! तिचं दूध आटलंय, नात निळी पडलीय माझी, आणि तुम्ही इथे तिच्या बापाची करपलेली खिचडी चाटताय? लाज नाही वाटत, महाराज?"

राजाने वाटी मांडीवरून खाली ठेवली. "बाई," तो हळूच म्हणाला, "मी सगळं घेतो, तरी माझं पोट का भरत नाही?"

"कसं भरेल?" हौसाबाई म्हणाली. "शेजारणीकडून कालवणाची वाटी आली तर आम्ही ती रिकामी परत करत नाही. घरात काही नसलं तर साखरेची चिमूट घालतो. गरिबातली गरीब बाई घालते. रोज बारा हजार घरांतून तुमच्याकडे वाटी येते. तुम्ही कधी एकदा तरी भरून परत केलीत?"

"गप्प बस!" भस्मनाथ किंचाळला, आणि त्याच्या अंगावरची राख झरझर गळू लागली. राजाने ते पाहिलं.

"भस्मनाथा, नागाची अट काय होती?"

जादूगार दाराकडे सरकू लागला. अट ती वाटी स्वतःच बोलली. "मला भरून घेणाऱ्याने मला भरून परत करावं. स्वतःच्या हाताने. नाहीतर देणाऱ्याला राख आणि घेणाऱ्याला भूक."

राजा सिंहासनावरून उतरला. "मला काही करता येत नाही," तो म्हणाला.

"पिठलं येईल," हौसाबाई म्हणाली. "चला."

राजाने मुकुट काढून ठेवला आणि दगडी चुलीपुढे उकिडवा बसला. फोडणीत लसूण टाकताना त्याचा हात पोळला. बेसन पेरताना ढवळायचं राहिलं, गाठी झाल्या. मीठ घातलं की नाही हे त्याला आठवेना, म्हणून त्याने पुन्हा घातलं. हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने एक अक्षर सांगितलं नाही. राजाने पिठलं वाटीत ओतलं, रथ मागवला, आणि वाटी मांडीत धरून, सांडू न देता, हौसाबाईच्या दारापर्यंत आला.

आत सिदोबा हाताला तेल लावून बसला होता. शेजारी खिचडी तशीच पडलेली. वेणूने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. हौसाबाईने पदरातली भाकरी सोडली, वाटी पुढे ठेवली. "घे गं बाळा. एक घास."

वेणूने घास तोंडात घातला. चावला. थांबली. राजा उंबऱ्याबाहेर श्वास रोखून उभा होता.

"आई," वेणू म्हणाली, "मीठ किती घातलंय हे!"

हौसाबाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "खारट लागतंय?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "खरंच खारट लागतंय?"

"खारटढाण!" वेणू म्हणाली आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग ती बापाच्या खिचडीकडे वळली आणि करपलेल्या खिचडीला नावं ठेवत ठेवत ती सगळी संपवली. सिदोबाने ती बोलणी मान खाली घालून, हसत हसत ऐकली. त्याच घटकेला लोहारणीच्या सासऱ्याने दुसऱ्यांदा वाडगं पुढे केलं, आणि कोळणीचा नवरा बोटं चाटू लागला. तांब्याचे पोपट जागच्या जागी मुके झाले. वाटीच्या कडेला लागलेलं पिठलं राजाने बोटाने पुसून खाल्लं, आणि त्याला ढेकर आला.

तिसऱ्या दिवशी वेणूला पान्हा फुटला.

पुढे राजा रोज एका घरी स्वतः केलेलं काहीतरी वाटीत घालून पाठवू लागला. बारा हजार घरं आहेत, अजून चाललंय. हल्ली वाटीत मीठ बरोबर पडतं म्हणे. भस्मनाथाला मुदपाकखान्यात भांडी घासायला बसवलंय. राख त्याच्याकडे भरपूर आहेच.

हौसाबाईच्या घरी वाटी भरून आली, तशी तुमच्या घरी येवो. आणि मीठ जास्त झालंय असं सांगायला तुमच्या ताटाशी कुणीतरी असो.